तारलीघरातले साधू

किकुनोचं माहेर डोंगरातलं, टोफू करणाऱ्यांचं. सोयाबीन वाटण्याच्या घरघरीनेच जिला पहाटे जाग यायची, ती पोर लग्न होऊन पडली समुद्रकाठच्या कोळीवाड्यात, आणि पुढचा सगळा जन्म मासे साफ करण्यात गेला. नवरा कामेझो मासेमारी करायचा. म्हातारपणी त्याने होडी विकली आणि दोघांनी माडीवरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. घराला नाव दिलं 'इवाशिया', म्हणजे तारलीघर. पाटीवर एक तारली दात काढून हसत होती.

पाहुणा काही फिरकेना. तेव्हा ओसाकातला भाचा शुनपेई फोनवर म्हणाला, "मावशी, मी इंटरनेटवर जाहिरात टाकतो. तुमच्याकडे खास काय आहे ते सांग."

"खास काय असणार? बिगान आहे बघ," किकुनो म्हणाली.

बिगान म्हणजे सुंदर किनारा. शुनपेईला ऐकू आलं 'बीगन'. मासा, मटण, अंडं, दूध यांतलं काहीही न खाणाऱ्या लोकांना, म्हणजे व्हीगन लोकांना, तिकडे बीगन म्हणतात. मावशी या वयात जगाबरोबर चालली म्हणून त्याला भरून आलं, आणि त्याने तसं ठळक अक्षरांत छापून टाकलं.

थोड्याच दिवसांत राडिम नावाच्या एका चेक माणसाचं येणं ठरलं. शुनपेईने काय काय चालणार नाही ते कळवलं.

"मधसुद्धा नाही?" कामेझोने डोळे वटारले. "आजारी आहे की काय?"

"अहो, आजारी कसला? मासा नाही, अंडं नाही, मध नाही. संन्यासी असणार तो."

"मग आपले देवळातले दोजुनबुवा कोण? ते तर बांगड्याचं डोकंसुद्धा चोखून खातात."

"म्हणूनच म्हणते, हा खरा असणार."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. कामेझोने पकडलेल्या मोठ्या माशांना शाई फासून कागदावर घेतलेले ठसे भिंतीवरून उतरवून कपाटात दडवले आणि पाटीवरच्या तारलीच्या तोंडावर पंचा बांधला. किकुनोने माळ्यावरून आईची टोफू थापायची लाकडी पेटी काढली, सोयाबीन वाटलं, त्याचं दूध गाळलं. सुपाच्या पातेल्यात मात्र कामेझोने सवयीने सुकवलेल्या माशाचा कीस भुरभुरला.

"अहो, हे काय केलंत?"

"गाळून काढतो ना. मग मासा कुठे राहिला? नुसता वास राहील. वासाला काय जीव असतो?"

किकुनोने अख्खं पातेलं मांजरांसमोर ओतलं आणि समुद्रशेवाळ उकळायला ठेवलं.

संध्याकाळी राडिम आला. ताडमाड उंच, आणि डोकं तुळतुळीत. दारात शिरताना चौकटीवर असा आपटला की अंगणात जमलेल्या बायकांना वाटलं, स्वामींनी घराला वंदन केलं. आंघोळ करून तो सुती झगा घालून बाहेर आला, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. किकुनोने त्याला पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उशीवर बसवलं. शेजारची तोमेयोकाकी वारलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी बाहीआड धरूनच आली होती. तीही तिने देव्हाऱ्यात सरकवली.

इकडची जेवणाआधीची रीत असेल, असं समजून राडिमने हात जोडले. मागे सगळ्यांनी जोडले. मग कुणीच हलेना. शेवटी त्या शांततेने घाबरून, त्याला जन्मात जे एकच पाठ होतं ते त्याने घोगऱ्या आवाजात सुरू केलं. तो होता चेक भाषेतला सातचा पाढा. तोमेयोकाकी हुंदके देऊ लागली.

एवढ्यात दोजुनबुवा धापा टाकत आले. आपल्या हद्दीत दुसरा कुणी शिरलाय हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"आपला पंथ कोणता?" त्यांनी विचारलं.

राडिमने भाषांतर करणारा फोन पुढे केला. फोनने त्या प्रश्नाचं काय केलं कोण जाणे. राडिम गोंधळून काहीतरी म्हणाला, आणि फोनमधली बाई ठणठणीत आवाजात बोलली, "मी मोठ्या वाहनाचा."

"महायान!" खोली कुजबुजली.

"महायानी तर आम्हीही आहोत," बुवा फणकारले. "पण आपलं कार्य काय?"

"मी थांबवतो."

"काय थांबवता?"

"सगळं."

बुवा मटकन खाली बसले. मग हळूच किकुनोला म्हणाले, "ताई, मलाही वाढा. हेच, यांचंच."

जेवताना राडिमने टोफू मागून घेतला. मग पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा त्याने नुसती वाटीच पुढे केली. या घरात आजवर किकुनोकडे टोफू कुणी मागून घेतला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच चूल पुसत उभी राहिली.

सकाळी कामेझोच्या छोट्या ट्रकचा ब्रेक किंचाळला, तसा राडिम झग्यासकट गाडीखाली शिरला. कोपरापर्यंत हात काळे करून बाहेर आला, तेव्हा फोनने नीट उलगडा केला. तो बसडेपोत ब्रेक दुरुस्त करायचा. किकुनो हसत हसत पायरीवरच बसली. तो गेल्यावर तिने तोमेयोकाकीला खरं काय ते सांगितलं.

"तुला काय कळतंय?" काकी उसळली. "आमचे हे रोज स्वप्नात येऊन थडगं गळतंय म्हणून कटकट करायचे. काल आले नाहीत. पुन्हा कधी येणार आहेत स्वामी?"

शुनपेईला चूक कळली, तेव्हा जाहिरात बदलतो म्हणाला. किकुनोने जाहिरातीला हात लावू दिला नाही. आता ती रोज पहाटे सोयाबीन वाटते, आणि कामेझो होडीच्या जुन्या शेडमध्ये मासे भाजून खातो. दोजुनबुवा कधी तिच्याकडे जेवतात, कधी त्याच्याकडे. दोघांना सांगतात, दुसऱ्याला कळू देऊ नका.