दाजींची शुक्रवारची मोटार

माझे दाजी सूर्यभान यांच्या गारखेड्यातल्या घरात दोन खोल्या. पुढची मोठी, उजेडाची खोली मोटारीला, आणि मागची अंधारी खोली माणसांना. त्या मोटारीला मी माझ्या बहिणीची सवत म्हणायचो. अक्का, म्हणजे कस्तुराबाई, हसायची. दाजी कधी हसले नाहीत.

मोटार सदतीस सालची काळी ऑस्टिन. ती दाजींची नव्हती. त्यांचे वडील सोनाजीबापू एका जागीरदारसाहेबांचे ड्रायव्हर होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर साहेब हैदराबादला गेले. जाताना म्हणाले, "सोनाजी, ही अमानत आहे, चालू ठेव, मी येतोच." साहेब काही आले नाहीत. बापू मात्र दर शुक्रवारी, साहेबांची नमाजाला निघायची वेळ झाली की, मोटार चालू करत राहिले. त्रेसष्ट साली त्यांनी डोळे मिटले तेव्हा दाजींचा हात धरून म्हणाले, "साहेब येतील तव्हा इंजिन चालू पायजे. बंद मोटार हवाली करायची नाय." दाजींनी मान हलवली. तिथून पुढं तीस वर्षं ती मान खालीच राहिली.

माणूस हुन्नरी, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. ते एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते आणि शुक्रवारी मागून घेतलेल्या साप्ताहिक सुट्टीला घरच्या मोटारीखाली आडवे. पार्ट मिळेनासे झाले तेव्हा तांब्याचा पत्रा कापून गॅस्केट घरी केलं. रबरी पाइप फुटला की रोशनगेटच्या भंगारातून ट्रॅक्टरचा आणून बसवायचे. टायर दबू नयेत म्हणून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. सदुसष्ट साली पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं, राहायला क्वार्टरसुद्धा देत होते. दाजी गेले नाहीत. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "शुक्रवारी कोण बघंल?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी मी जेवलो नाही तिथं.

एक्याऐंशी साली गारखेड्यात गुंठेवारीचा तुकडा घेतला, तेव्हा तर कहरच केला. मोटार उघड्यावर राहायला नको म्हणून आधी ती जागेवर आणून ठेवली आणि मग तिच्याभोवती भिंती उचलल्या. मोठं दार पुढं बघू म्हणाले. पुढं समोरच्यानं ओटा वाढवला, शेजाऱ्यानं जिना काढला, आणि बोळातून सायकल जाईल एवढीच जागा उरली. मोटार चालू व्हायची, पण जाणार कुठं? धुरासाठी सायलेन्सरला पाइप जोडून खिडकीबाहेर सोडला होता. तरी शुक्रवारी भाकरीलासुद्धा पेट्रोलचा वास यायचा. "साहेब आले तर नेतील कशी?" असं मी एकदा विचारलं. "भिंत पाडू," दाजी म्हणाले. चेष्टा नव्हती.

यात अक्का कशी अडकली ते सांगतो. गाडीचा स्टार्टर कधीच निकामी झाला होता. पुढून हँडल मारावं लागे, आणि आत बसून कुणीतरी चोक ओढायचा, इंजिनानं पकडलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच ढिला करायचा. ते कुणीतरी म्हणजे अक्का. बापू गेल्यापासून दर शुक्रवारी ती पदर खोचून त्या सीटवर बसली. आमची आई वारली तेव्हासुद्धा ती तिसऱ्या दिवशी माहेरच्या लासूर स्टेशन गावाहून परत गेली, कारण चौथा दिवस शुक्रवार होता. दहाव्याला पुन्हा आली. भावकीत काय काय बोललं गेलं ते मी तिला कधी सांगितलं नाही. दाजींना मात्र मी ते माफ केलं नाही.

त्र्याण्णव साली त्यांची एकुलती लेक आशा नांदेडला सासरी दोन जिवांची होती. आधी दोनदा पोटातलं गेलेलं. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचंच नाही असं सांगितलं, माहेरी यायचा प्रश्नच मिटला. माझ्या दुकानात फोन होता. आशा रडत म्हणाली, "मामा, आईला आणून सोडा. हे बी गेलं तर मी जगत नाय."

मी सोमवारी गारखेड्याला पोचलो. दाजी म्हणाले, "शुक्रवार झाला की पाठवतो, पण आठ दिवसांत माघारी ये म्हणावं." दोन महिन्यांच्या कामाला आठ दिवस! बोललो असतो तर पायरी सोडून बोललो असतो. अक्कानं मला बापूंची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढायला लावली, बाळाला दुपटी करायला जुनी धोतरं हवी होती. धोतरांच्या घडीत एक पोस्टकार्ड होतं. हैदराबादचं, उर्दूतलं.

मला उर्दू येत नाही. माझी शाळा पोलीस ॲक्शननंतरची, मराठीतली. सिटी चौकात अर्ज लिहून देणारे एक म्हातारे बसायचे, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी कार्ड डोळ्याजवळ धरून वाचलं. बावन्न सालचं होतं. 'भाई सोनाजी, आता आमचं परतणं होणार नाही. मोटार तुमची. ठेवा किंवा विका, आणि मुलाला शिकवा.'

मी रिक्षानं परत आलो आणि ते कार्ड अक्कासमोर दाजींच्या मांडीवर टाकलं. "एक्केचाळीस वर्षं झाली, दाजी! हे काय आहे?"

दाजींनी ते उचललंसुद्धा नाही.

"म्याच वाचलं व्हतं," ते म्हणाले. "बापूला कुठं वाचता येत व्हतं? मी चौदा वर्साचा, उर्दू शाळेत शिकलेला. तो फडकं घिऊन मोटारीचे दिवे पुसत व्हता. म्हणाला, वाच, साहेब कधी येतेत? म्या त्याच्या तोंडाकडं बघितलं आन म्हणलं, पुढच्या पावसाळ्याच्या आधी. लई खूश झाला. मंग दर साली म्हणायचो, आवंदा सांगू. तेवढ्यात त्यानं अंथरूण धरलं, आन मरताना माझा हात धरला. मेलेल्या माणसाला कसं सांगायचं, रामकिसन?"

भांडायला म्हणून घसा साफ करून आलो होतो.

बोलली ती अक्का. आवाज चढवला नाही. "बापूंना सांगता येत नव्हतं, व्हय. मी तर जित्ती व्हते. मला कामून नाय सांगितलं?"

"तू बसली नसतीस मंग," दाजी म्हणाले. "मी एकलाच राह्यलो असतो त्या गाडीपाशी."

अक्का उठली, धोतरं पिशवीत भरली आणि चपला घातल्या. दाजींनी तिला अडवलं नाही.

नांदेडला आशा आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली आणि मग शांत झोपली. मी निघताना अक्का दारापर्यंत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला परतीची घाई नव्हती, आणि त्यानंच ती बावरल्यासारखी दिसत होती. म्हणाली, "रामा, शुक्रवारी जाय तिकडं. एकटेच हँडल मारतील. उलटं फिरलं तर मनगट मोडंल."

शुक्रवारी बस उशिरा पोचली. मी बोळातून जवळजवळ पळतच गेलो. दीड वाजून गेला होता. इंजिनाचा आवाज नव्हता, खिडकीतल्या पाइपातून धूर नव्हता. दाजी दारापुढच्या फरशीवर अंगातल्या कपड्यांनिशी उकिडवे बसून डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतत होते, गावाकडं मयताचा निरोप आल्यावर ओततात तसं. नांदेडहून शेजाऱ्यांकडं फोन आला की काय?

"दाजी, कोण गेलं?"

"बापू," ते म्हणाले. दात वाजत होते. "आज सांगितलं त्याला. साहेब येणार नाय म्हणून."

बादलीतलं पाणी संपलं होतं. मी हौदातून दुसरी भरून आणली.