माझ्या पेपरला मिळालेला पहिला संदर्भ

मुंबईतल्या ज्या संस्थेत मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो, तिच्या ग्रंथालयात एक कपाटभर जाडजूड खंड होते. जगातल्या कुठल्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कुणी कुठे केला, याची ती यादी. आज हे संगणकावर क्षणात दिसतं. सत्तरचं दशक संपत असताना त्यासाठी भिंग लागायचं. अक्षर मुंगीएवढं, कागद बायबलच्या पानासारखा पातळ. आधी आपलं आडनाव शोधायचं, त्याखाली आपला पेपर, आणि त्याखाली कुणी त्याची दखल घेतली असेल तर त्या माणसाचं नाव.

माझा तोवर एकच पेपर छापून आला होता. पण नवा खंड आला की मी हजर. ग्रंथपाल वयस्कर आणि मिस्कील होते. "काय वसईकर, एसएससीचा निकाल बघायला आलात?" असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. आमच्या वसईत एकेका आडनावाची इतकी माणसं, की त्या यादीत मला आधी माझ्याच आडनावाचे आणि आद्याक्षराचे दोन अनोळखी शास्त्रज्ञ भेटले. त्यातला एक दातांच्या किडीवर काम करणारा होता आणि त्याच्या नावाखाली अर्धा रकाना भरला होता. मी त्याचा मनापासून हेवा करत असे.

पेपर सुकेळीवर होता. आमच्या वाडीत राजेळी केळी व्हायची. ती पिकवून, सोलून, मांडवावर गवत अंथरून त्यावर उन्हात सुकवायची. आठवडाभरात मधाच्या रंगाची, चिवट आणि सुगंधी सुकेळी तयार होते. आईचा त्यात हातखंडा. माझ्या सरांना एकदा मी ती खायला दिली तेव्हा ते चावता चावता थांबले आणि म्हणाले, "अहो, ह्यात वरून साखर नाही म्हणता, मग ही एवढी गोडी येते कुठून? हाच विषय घ्या." गावच्या मराठी शाळेतून आलेल्या, इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटणाऱ्या मुलाला त्यांनी त्याच्याच घरातला विषय दिला. ते उपकार मी विसरलेलो नाही.

मी आईच्या मांडवावरची केळी रोजच्या रोज प्रयोगशाळेत नेली आणि त्यातली साखर मोजली. सुकताना नुसतं पाणी उडत नाही, तर आतली साखरच बदलते, फळातल्या सुक्रोजचं दोन साध्या साखरांमध्ये विघटन होत जातं, असं मला दिसलं. तेच लिहिलं आणि ते छापून आलं.

आणि एका दुपारी त्या भिंगाखाली माझ्या पेपरच्या खाली एक ओळ दिसली. परदेशातल्या कुणीतरी माझा संदर्भ दिला होता! मी दोनदा भिंग पुसलं. ग्रंथपालांना बोलावलं. त्यांनी बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पास झालात हो!" दुसऱ्या दिवशी मी घरून पिशवीभर सुकेळी नेली आणि अख्ख्या विभागाला वाटली. शिपायांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी तोंड गोड केलं.

यादीत फक्त एवढंच कळतं, की कुणीतरी आपलं नाव घेतलंय. काय म्हणून घेतलंय, ते कळत नाही. ते नियतकालिक आमच्याकडे पोचलं तीन आठवड्यांनी. मी उभ्या उभ्याच पान उघडलं. त्यात अतिशय सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं, की आम्ही या पद्धतीने केळी सुकवून पाहिली, पण लेखकाने म्हटलेला साखरेतला बदल आम्हाला आढळला नाही.

मी ते पान घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे वाचलं. मग म्हणाले, "सुकेळी तर आम्ही खाल्ली. आता हे कसं गिळायचं ते सांगा."

"सर, माझी मोजणी चुकलेली नाही."

"मग त्यांची चुकली?"

"तसंही वाटत नाही."

"दोघंही बरोबर असतील तर कुणीतरी काहीतरी सांगितलेलं नाही. ते शोधा. नाही सापडलं, तर आपल्याला त्याच नियतकालिकाला कळवावं लागेल, की आमचा निष्कर्ष मागे घेतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पहिलाच पेपर आहे, मला समजतं. पण खोटा पेपर नावावर ठेवून पुढे नाही जायचं."

त्या दिवशी वसईला उतरून वाडीपर्यंत चालत जाताना मला एकच दिसत होतं: माझ्या प्रबंधाचा पायाच तो पेपर होता. तो गेला की तीन वर्षं गेली. घरच्यांनी मला शेतीच्या कामातून मोकळं करून शिकवलं होतं. त्यांना काय सांगायचं?

आई ओट्यावर मांदेली मासे साफ करत बसली होती. माझा चेहरा बघून तिनेच विचारलं. (आमच्या घरची बोली निराळी, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथे साधं लिहितो.)

"कुणी मेलं का रे?"

"नाही गं. ते परदेशातले लोक म्हणतात, तुझा मुलगा लिहितो तशी सुकेळी होत नाही."

"त्यांनी केली?" आईचा हात थांबला. "त्यांच्याकडे राजेळी आहे?"

"नसेल. पण पिकलेली केळी आहेत. माझ्या कागदात लिहिलंय तसंच केलंय त्यांनी."

"वाच तुझा कागद."

मी कपाळाला हात लावला. पण ती ऐकेना. म्हणून हात धुऊन पेपर आणला आणि ओळीओळीने मराठीत सांगू लागलो. केळी पिवळी धमक पिकल्यावर सोलली. ती मान हलवत होती. एकमेकांना चिकटणार नाहीत अशी पसरली. मान हलली. सात दिवस उन्हात सुकवली.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय?"

"सात दिवस केळी पसरून ठेवलीस मांडवावर? दिवस बुडला तरी? बरं झालं, तुझ्या हातात वाडी नाही दिली ती."

"अगं, संध्याकाळी गोळा करतोच की. दव पडतं, कुत्री येतात."

"कुत्र्यांसाठी?" आई आता खरोखरच चिडली. "कुत्र्यांसाठी रास घालतात? रास घालून वरून सुकी पानं झाकली नाहीत तर केळ्याला घाम कसा सुटणार? घाम सुटला नाही तर गोडी कुठून येणार? नुसतं सुकवायचं तर कुणीही सुकवील. त्याला लाकूड म्हणतात, सुकेळी नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. लहानपणापासून चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की आम्ही भावंडं मांडवाकडे धावत होतो आणि केळ्यांची रास घालत होतो. ते माझ्या लेखी आवराआवरीचं काम होतं, जसं कोंबड्या खुराड्यात घालणं किंवा वाळत टाकलेले कपडे आत आणणं. प्रयोगाच्या कृतीत कुणी कपडे आत आणल्याचं लिहितं का? मीही लिहिलं नव्हतं. आणि तिकडे त्या बिचाऱ्यांनी केळी उन्हाऐवजी गरम हवेच्या कपाटात ठेवून एका दमात सुकवली असणार. साखर मोडणारं जे विकर, म्हणजे एन्झाइम, फळात असतं, त्याला काम करायला ओलावा आणि ऊब दोन्ही लागतात. झाकलेल्या राशीत ते मिळतं. कपाटात केळं इतक्या लवकर कोरडं होतं, की त्याला वेळच मिळत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एकाच घडातली केळी दोन भागांत वाटली. एका भागाची आई रोज रास घालणार, दुसरा भाग मी संध्याकाळी तसाच पसरलेला, फक्त जाळीच्या पेटीत ठेवणार. आईने हे कामच पैजेसारखं घेतलं. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आली की आधी माझी पेटी बघायची, एखादं केळं बोटाने दाबायची आणि "लाकूड" म्हणून पुढे जायची. शेजारच्या बायकांनाही तिने बोलावून दाखवलं, "हे माझं आणि हे साहेबांचं."

मी दोन्हीकडचे तुकडे रोज डब्यातून प्रयोगशाळेत नेत होतो. काचेच्या नळीतून थेंबथेंब केळ्याचं द्रावण खालच्या उकळत्या निळ्या पाण्यात सोडायचं. विघटन झालेली साखर जितकी जास्त, तितक्या लवकर निळा रंग जातो आणि तळाशी विटेसारखा लाल गाळ बसतो. पहिल्या दिवशी दोन्हींत फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी आईच्या केळ्यांना मला तोटी लवकर बंद करावी लागली. पाचव्या दिवशी आणखी लवकर. शेवटच्या दिवशी सर स्वतः शेजारी येऊन उभे राहिले. निळं पाणी बघता बघता लाल झालं. त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली, की मला तो थेंब पुन्हा मोजावा लागला.

"हे रास घालण्याचं कुणाला सुचलं?" त्यांनी विचारलं.

"आईला, सर. म्हणजे सुचलं नाही. तिला माहीतच होतं."

"मग तसं लिहा. शेवटी आभार मानायचे, पूर्ण नावानिशी. आणि पेपर मागे वगैरे काही घ्यायचा नाही."

दीड पानांचा खुलासा आम्ही पाठवला. त्या परदेशी शास्त्रज्ञांनाही स्वतंत्र पत्र लिहिलं. काही महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. त्यांनी केळी रोज काही तास कपाटाबाहेर काढून झाकणाच्या डब्यात रचून ठेवली होती, आणि साखर बदलली होती. "आपल्या मातोश्रींचे अभिनंदन करावे," असं त्यात होतं. पुढच्या पेपरात त्यांनी आमच्या दोन्ही लेखांचा संदर्भ दिला, या वेळी दुरुस्तीसह. पुढे नोकरीत माझे बरेच पेपर छापून आले, काही फार कष्टाचे. पण माझ्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त संदर्भ आजही त्या दीड पानालाच आहेत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

छापील प्रत आली तेव्हा मी ती घेऊन थेट मांडवाकडे गेलो. आईला तिच्या नावाची ओळ दाखवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता सगळा वाच."

मी पुन्हा मराठीत सांगितलं. ती ओळीओळीला मान हलवत गेली. शेवटी आले तिच्या नावाचे आभार. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार.

"चौथ्या दिवशी ढग होते," ती म्हणाली. "म्हणून मी रास दुपारीच घातली होती. ते कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"मग परत पत्र येईल बघ त्यांचं," असं म्हणून ती केळी उलटवायला वळली. मी तिथेच गवतावर बसलो आणि खिशातलं पेन काढलं.