ताकाचं भांडं

मतदानाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढून ठेवणारं एकच माणूस मी पाहिलं आहे. माझी ठकूआत्या. म्हसवडच्या पलीकडे आमचं गाव. मतदान शाळेत व्हायचं. आत्या आदल्या दिवशी पांढरं पातळ धुऊन ठेवायची, सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहायची आणि वर्गाच्या दारात चपला काढायची. बाया हसायच्या, "आवं ठकूबाई, देऊळ न्हाई ही, शाळा हाय."

"शाळा हाय म्हणूनच काढल्या," आत्या म्हणायची. "बारकी हुते तवा ह्या वर्गात मला कुणी बसू दिलं न्हाई. आता नाव पुकारून आत घेत्यात."

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, एकटीच राहणारी. आईवडील शिरवळकडे बांधकामावर असायचे, म्हणून मी तिच्याकडे वाढले. पत्र्याच्या दोन खोल्या. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो. घरात फार काही नसे, पण शेजारणीने ताक दिलं तर तिचं भांडं आत्याने कधी रिकामं परत केलं नाही. चार शेंगा, मूठभर हुलगे, निदान कढीपत्त्याची डहाळी तरी त्यात असायचीच. "भांडं रिकामं धाडू नगं," ती मला सांगायची. आणि लगेच पुढे, "पर भांड्यासंगं घर बी लिहून देऊ नगं." हे दुसरं वाक्य मला तेव्हा कळत नसे.

बारावीनंतर मला कराडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पण कराडजवळच्या मलकापूरच्या वसतिगृहात जागा मिळेना. आत्या मला घेऊन गावच्या आबांकडे गेली. तालुक्यात त्यांचा शब्द चाले. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली, चष्मा पुसला आणि चिठ्ठी लिहून दिली. जागा मिळाली. चिठ्ठी मात्र दरवर्षी नवी लागणार होती.

घरी येताना आत्या म्हणाली, "सुमे, लय मोठं भांडं आलं आपल्या घरात. भरून द्याय पायजे." त्या हिवाळ्यात ती आबांच्या रानात आठ दिवस ज्वारी काढायला गेली. मजुरी घेतली नाही. मुकादमाने देऊ केली तर म्हणाली, "ही माझ्या पोरीच्या शाळंची काढणी हाय."

त्याच वर्षी निवडणूक आली आणि आबा स्वतः उभे राहिले. मला नुकतंच अठरावं सरलं होतं. मतासाठी मी गावी आले, तर संध्याकाळी आबांचा माणूस, बापू, दारात. हातात नारळ आणि भंडाऱ्याची पुडी. आमच्याकडे ही रीतच आहे, मतं अशी शपथेवर बांधून घेतात.

"ठकूबाई, उचल भंडारा."

"बापू, आमी त्यो देव कवाच सोडला. शपथ कुणाची घिऊ?"

बापू हुशार. त्याने भिंतीकडे पाहिलं. "मग तुमच्या बाबांच्या फोटूवर हात ठिव."

आत्या उठून उभीच राहिली. "ज्यांनी मत मिळवून दिलं, त्यांच्याच फोटूवर हात ठिवून मत बांधून देऊ व्हय रं? आबाला सांग, कामाला बोलीव, धा दिस येते. शपथंला न्हाई."

"बघ बाई. पोरीला जूनमदी चिठ्ठी लागंल पुन्यांदा."

मला वर्गातला माझा बाक दिसला, वसतिगृहातली लोखंडी खाट दिसली. मी पुढे झाले, फोटोवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या घरातली दोन्ही मतं आबांनाच." बापू हसत गेला.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तुझा हात तू ठिवलास, तुझं तू बघ. पर माझा हात तू कसा काय ठिवलास गं?"

आमच्या वस्तीचा हातपंप तीन वर्षं बंद होता आणि आबांनी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी शिक्का मी आबांच्याच चिन्हावर मारला. आत्याला सांगायला गेले, तर तिने हात वर केला. "सांगू नगंस. मत सांगायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आबांच्या ओट्यावर गेली. मी खाली मान घालून उभी. "आबा, शपथ पोरीनं घेतली हुती, मी न्हाई. माझं मत कुणाला गेलं ते सांगणार न्हाई. पर तुमी शपथंच्या भरवशावर ऱ्हाऊ नगा, म्हून आले." आबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जा." जूनमध्ये चिठ्ठी मिळाली. का मिळाली, ते मला नीटसं सांगता येणार नाही.

पुढच्या निवडणुकीला आत्या नव्हती. काविळीने दोन आठवड्यांत गेली. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर बापूने मला बाजूला घेतलं. "यादीत तुज्या आत्याचं नाव हाय अजून. हुबेहूब तिच्यावाणी एक बाई बघून ठिवलीया. तू फक्त 'ही माझी आत्या' म्हण."

"न्हाई, बापू."

"हॉस्टेल इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले. आबांच्या नातवाला इंग्रजी जड जातंय म्हणं. मे महिनाभर शिकवायला येते." मी शाळेच्या दाराकडे वळले. "पर तिचा हात मी पुन्ना ठिवणार न्हाई."

दारात चपला काढल्या. फरशी गार होती. टेबलामागच्या गुरुजींनी माझं नाव पुकारलं. मी म्हणाले, "गुरुजी, यादीत माझ्या वरचं नाव माझ्या आत्याचं आहे. ती वारली. तिच्या नावानं कुणी आलंच, तर ती माझी आत्या नव्हे."

गुरुजींनी यादीवर पट्टी ठेवली आणि तिच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं, मयत. मग माझ्या बोटाला शाई लावली.