नौकेचं दुसरं इंजिन

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग त्या हसण्याची लाज वाटते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. मी मूळचा कृष्णाकाठचा. 'काऊन' म्हणजे 'का' एवढं समजायलाच मला पहिला महिना गेला होता.

आमच्या हद्दीतल्या एका गावात दोन सख्खे भाऊ राहत. चांगले बागाईतदार, एकत्र कुटुंब. थोरल्याच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. विहिरींवर मोटेऐवजी इंजिन बसवायचं त्याच्या मनात आलं. नवं इंजिन मिळायला नंबर लावावा लागे. तेवढ्यात मुंबईच्या एका दलालाकडून कळलं, की कुणा परदेशी साहेबाची नौका विकायची आहे. हा साहेब हौसेखातर भर समुद्रात मोठाले मासे गळाला लावायला जात असे. नौका जुनी होती, पण पोटात दोन डिझेल इंजिनं होती. इंजिनं सुटी मिळणार नव्हती, घ्यायची तर सगळी नौका घ्या.

थोरला मुंबईला गेला, नौका पाहिली आणि घेऊन मोकळा झाला. नुसती इंजिनं काढून आणावीत ना? पण नाही! "मोल देल्लं तं सागवान काऊन सोडू?" म्हणून अख्खी नौका ट्रकवर चढवली. इंजिनं तिथेच काढून बाजूला बांधली. माल आणायला धाकट्याला पाठवलं होतं. जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, त्या गावाच्या शिवारात एक समुद्रातली नौका येऊन उभी राहिली. पंचक्रोशीतून माणसं बैलगाड्या जुंपून पाहायला येत. मीही गस्तीच्या निमित्ताने जाऊन आलो, खोटं कशाला बोलू?

मुहूर्ताला गाव जेवायला बोलावलं होतं. इंजिनांना हळदकुंकू वाहिलं, हार घातले, नारळ फोडला. पहिलं इंजिन हँडल मारताच धडधडू लागलं. दुसरं काही केल्या सुरू होईना. गडी घामाघूम झाले, फिटर आला, तोही हरला. शेवटी त्याने इंजिन खोललं. आतून गंजाने खाल्लेलं, आणि एका बाजूला मोठी चीर. ती लुकणाने बुजवून वरून राखाडी रंग फासलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला ठाण्यात हजर. त्याची फिर्याद सरळ धाकट्यावर होती.

"म्या मुंबईत दोन्ही इंजिनं आपल्या कानानं आयकली साहेब. दोन्ही एकसारखी वाजत होती. माल आणला यानं. रस्त्यात यानं चांगलं इंजिन इकलं आन् हे मढं आणून ठेवलं."

"सख्ख्या भावावर फिर्याद देताय. विचार केलाय?"

"केला. लिहा तुम्ही."

लिहिली. घरचं भांडण पोलिसांनी चिघळू देऊ नये, हे मलाही कळतं. पण फिर्याद नाव घेऊन होती. त्याच दिवशी एका माणसाने हवालदाराच्या कानाशी लागून खबर दिली, की धाकट्याचा साळा रोहिणखेडजवळ राहतो, त्याच्या विहिरीवर अस्संच राखाडी इंजिन चालतंय, आणि ट्रक त्याच गावात मुक्कामाला थांबला होता. मी धाकट्याला अटक केली. कोर्टाने कोठडी दिली. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

धाकट्याची चौकशी म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. ट्रक साळ्याकडे का थांबवला? टायर फुटलं होतं म्हणून. इंजिन उतरवलं? नाही. मग हे मढं कुठून आलं? "जे मुंबईत त्यायनं बांधून देल्लं तेच आणलं." चढवून विचारलं, गोडीने विचारलं, उत्तर तेच. जामिनासाठी वकील द्यायला साळा आला, तर त्यालाही हाकलून लावलं. "ज्यानं आत टाकलं त्यानंच काहाडावं," म्हणाला.

एक गोष्ट मात्र मी नोकरीत पुन्हा कधी पाहिली नाही. या कोठडीतल्या आरोपीचा डबा रोज फिर्यादीच्या घरून येई. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, स्वतः घेऊन यायची. आधी मला वाटलं, बाई काही निरोप पोचवते. हवालदाराने भाकरी मोडून पाहिली, तेव्हा ती त्याच्यावर अशी भडकली की विचारू नका.

"पाहून घ्या, पाहून घ्या! भाकरीत इंजिन लपवलं म्या! लाज नाही वाटत का तुमाले? मी लगीन होऊन आली तवा हा एवढासा होता. माह्या हातचं खाऊनच वाढला. यानं चोरी केली असती तं पह्यले मले सांगून केली असती."

हवालदार बिचारा डबा तसाच आत देऊन आला.

मी रोहिणखेडकडे निघालो. साळ्याच्या विहिरीवर खरंच राखाडी इंजिन होतं, रंग तोच. मी खिशातल्या चाकूने खरवडलं, तर खाली हिरवा रंग निघाला, त्याखाली गंज. शेजारच्या शेतकऱ्यांनी जबाब दिले, की हे धूड इथे कित्येक हंगाम चालतंय. साळा हात जोडून उभा.

"जवायानं नौकेतल्या उरल्या रंगाचा डबा देल्ला साहेब. म्या फासला. रंग फासणं गुन्हा हाये का?"

गुन्हा नव्हता. खबर देणाऱ्याने रंग पाहिला आणि बाकीचं इंजिन मनाने जोडलं. अशा खबरी पोलिसाला रोज मिळतात. खबर म्हणजे नुसतं बोट असतं. ते दाखवेल तिकडे जायचं आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

परत येताना मला ती नौका आठवली. इंजिन जिथून काढलं ती जागाच शिवारात उभी असताना मी गावोगाव कशाला फिरतोय? दोन पंच घेतले, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून साखळीची कप्पी मागवली आणि ते बंद इंजिन उचलून नौकेच्या तळातल्या सागवानी तुळयांवर ठेवलं. तुळयांवरची तीन भोकं सरळ होती, चौथं जुनं, तिरपं पाडलेलं. इंजिनाचा चौथा पाय कधीतरी तुटून जोडलेला, त्याचंही भोक तेवढंच तिरपं. चारही भोकांतून बोल्ट न अडता खाली उतरले. तेलाचे वर्षानुवर्षांचे डागही जिथल्या तिथे जुळले. हे इंजिन याच नौकेतलं होतं. वाटेत कुणी काही बदललं नव्हतं. धाकटा निर्दोष!

मग मुंबईत वाजलं ते काय?

पंचनामा आटोपून मी थोरल्याला ठाण्यात बोलावलं. वहिनी डबा घेऊन आलेलीच होती, ती ओसरीवर थांबली. मी चौथ्या भोकाची हकीकत सांगितली आणि विचारलं, "दुसरं इंजिन तुम्ही ऐकलं होतं?"

"हाव."

"कुणी सुरू केलं? हँडल कुणी मारलं? धूर कोणत्या रंगाचा होता?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी घाई केली नाही. खुर्चीत स्वस्थ बसून राहणं हे फौजदाराचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, आरडाओरडा नव्हे. शेवटी तो जमिनीकडे पाहत बोलला.

"दलालानं एक सुरू केलं. मी त्याच्यावर खवळलो. म्हटलं, बिगरपूजेचं यंत्र सुरू करतात का बे? अपशकुन करून राह्यला का? दुसऱ्याले हात लावू देल्ला नाही. म्हटलं, ते आमच्या गावात, मुहूर्तावरच सुरू होईन."

दलालाला काय, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! गिऱ्हाईकच म्हणतंय इंजिन तपासू नका. त्याने हार आणून दिला असेल.

"मग ऐकलं म्हणून का सांगितलंत?"

"मुहूर्ताले अख्खं गाव जमलं होतं साहेब. कोणीतरी इचारलं, तुमी आयकलं होतं नं? तोंडातून हाव निघून गेलं. मंग... मंग मागं कसा येऊ?"

म्हणजे पाहा. एक शब्द तोंडातून गेला. तो खरा ठरवायचा तर कुणीतरी चोर हवा होता, आणि माल आणणारा हाताशीच होता. मला त्या क्षणी त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. दिली नाही, वर्दी अंगावर होती.

ओसरीवरून बाई आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. "नाही आयकलं, एवढंच बोलाचं होतं? एवढंच?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी कोर्टात अहवाल पाठवला आणि धाकटा सुटला. दलालाचा तपास मुंबईकडे वर्ग केला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. सुटकेच्या दिवशी थोरला ठाण्याच्या फाटकाशी उभा होता. "चाल घरी," म्हणाला.

"येतो," धाकटा म्हणाला. "पण मले चोर म्हटलं ते गावापुढं. आता खरं काय ते बी गावापुढं सांग."

थोरल्याने मान खाली घातली. माझ्यासमोर त्याने खरं सांगितलं होतं, कारण मी सरकार होतो आणि आज ना उद्या बदलून जाणार होतो. गाव कुठे बदलून जातंय? भाऊ तुरुंगात गेलेला त्याला चालला, गावात हसं झालेलं चालत नव्हतं. चोर चोरी कबूल करतो, खुनी खून कबूल करतो, पण आपण फसलो हे कबूल करताना भल्याभल्यांचा जीव जातो. ते टाळायला माणूस कुणाचाही बळी देतो, हे मी त्या फाटकाशी शिकलो.

धाकटा वळला आणि रोहिणखेडच्या बाजूला चालू लागला. थोरला तोंड उघडेना. तेव्हा बाईने डबा नवऱ्याच्या हातात कोंबला, पदर खोचला आणि दिराच्या मागे धावली.

"थांब! हा नाही बोलत तं मी बोलतो. चावडीपुढं उभी राहून बोलतो. माह्या नवऱ्यानं इंजिन आयकलं नव्हतं म्हणून."

ती खरंच बोलली. बाजाराच्या दिवशी, भरल्या चावडीपुढे. मी बंदोबस्ताला होतो. कुणीही हसलं नाही.