आप्पांचा मुंग्या आलेला पाय

वडील, म्हणजे आमचे आप्पा, साताऱ्याहून माझ्याकडे न्यू जर्सीला आलेत. आज सकाळी आम्ही दोघं टीव्हीवर भारताची मॅच बघत होतो. शेवटची जोडी तग धरून होती आणि आप्पा एक पाय दुमडून सोफ्यावर बसले होते. जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही, हा आमच्या घरातला जुना नियम.

"अहो आप्पा, मुंग्या आल्यात ना? पाय सोडा की."

"गप्प बस. विकेट जाईल."

मी भारत हरेल यावर पैसे लावले होते. त्यात बेकायदा काही नाही. इथे बेटिंगच्या जाहिराती बसस्टॉपवरही असतात. ॲपने माझं वय विचारलं, मी राज्याच्या हद्दीत आहे ना ते तपासलं आणि खुशाल खेळ म्हणालं. तू कुणाच्या बाजूची, हे काही त्याने विचारलं नाही. त्याने कशाला विचारावं? ते माझं मला विचारायला हवं होतं. एकाच वाटीतला चिवडा खात मी आप्पांच्या शेजारी बसले होते आणि मनातल्या मनात त्यांचा फलंदाज बाद व्हायची वाट बघत होते.

दांडी उडाली. मॅच संपली.

आप्पा बराच वेळ पाय चोळत राहिले. मग ओशाळून म्हणाले, "माझंच चुकलं गं. मघाशी जरासा हलवला होता."

माझ्या मांडीखाली फोन थरथरला. मी जागची हलले नाही.