श्रीच्या खालची रेघ

परबकाकूंनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, असं आमच्या इमारतीत सगळे मानतात. मीही कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही. मुलुंडच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत बाकीच्या बायका सकाळी भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींकडे विरजण मागायला जायच्या. काकू भांडत नसत, बोलणं बंद करत. तळमजल्यावरच्या सावंतवहिनींच्या हातून त्यांची तुळशीची कुंडी फुटली, तेव्हापासून काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे सावंतांच्या मुलाच्या लग्नाला गेल्या, आहेर दिला, पंगतीत बसून जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि वहिनींशी एक अक्षर न बोलता घरी आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "राग इलो म्हणान लगेच काढूचो नाय गो. तां काय पिठलां नाय, घातलां नि झालां."

मी तिसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या. मी शाळेत शिकवते, म्हणून अर्ज-बिर्ज लिहायचा असला की वरून हाक यायची, "सुषमा, हय ये." जाईपर्यंत हाक थांबत नसे.

परबकाका भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. शांत माणूस. रात्रीचं जेवण लवकर उरकून आठाला झोपणारा. अक्षर मात्र असं, की मी शाळेत फळ्यावर लिहिताना मनातल्या मनात त्यांच्याशी स्पर्धा करायची. किराण्याची यादी तेच लिहीत. काकू स्वयंपाकघरातून ओरडून सांगत, काका टेबलाशी बसून कागदावर वर ठसठशीत श्री काढत आणि त्याखाली तूरडाळ, रवा, पोहे उतरवत. ती यादी घेऊन काकू कोपऱ्यावरच्या अण्णांकडे जात. अण्णा कुडाळकडचे, काकूंच्या माहेरापासून दोन गावं पलीकडचे. आपलं माणूस असताना दुसऱ्याकडून मीठ तरी का घ्यायचं, असा काकूंचा हिशेब. अण्णा स्वतःच्या हातानं पिशवी भरत, एकेका जिनसेवर खूण करत आणि यादी पिशवीतच परत टाकत. मग काकू ती पिशवी घेऊन चार जिने चढत.

वर आल्या की काका दारातच पिशवी हातातून घेत आणि सामान स्वतः डब्यांत भरून ठेवत. या एका गोष्टीवरून काकूंनी इमारतीतल्या तमाम नवऱ्यांना खाली मान घालायला लावली होती, माझ्याही. "घोव व्हयो तर असो," असं त्या जिन्यात उभ्या राहून सांगत. माझा नवरा काकांना भेटला की गमतीनं हात जोडायचा, म्हणायचा, काका, आमची वाट लावलीत तुम्ही.

काका लिव्हरनं गेले. ते हॉस्पिटलात होते तेव्हाच डॉक्टरांनी काकूंना विचारलं होतं, किती वर्षं पितात? काकूंनी त्या डॉक्टरांशीही बोलणं बंद केलं. पुढचं सगळं मला मध्ये उभं करून चाललं. "सांग त्येका, माज्या घरात बाटली कधी येवक नाय. मी असताना येतली कशी?" आणि ते खरंच होतं. काका कामावरून थेट घरी येत. नाक्यावर उभे राहत नसत, मित्र नव्हते, संध्याकाळी बाहेर पडत नसत. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि मला वाटलं, डॉक्टरच चुकला असेल बिचारा.

काका गेल्यानंतरचा दुसरा महिना म्हणजे गणपतीचे दिवस. काकूंकडे त्या वर्षी गणपती नव्हता, पण बाकी जग याद्या घेऊन अण्णांच्या दुकानात लोटलं होतं. काकूंनी पहिल्यांदाच स्वतः यादी लिहिली. जुन्या याद्या स्वयंपाकघरात तारेला टोचून ठेवलेल्या असत. त्यातली वरची काढली, समोर ठेवली आणि शाळकरी मुलीसारखी अगदी तशीच उतरवली. वर श्री, श्रीच्या खाली एक आडवी रेघ, मग डाळ-तांदूळ. तासाभरानं मला हाक आली. वर गेले तर काकू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या होत्या. पिशवी उपडी केलेली, आणि रव्याच्या पुड्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दारूची एक क्वार्टर.

तारेवरच्या सगळ्या याद्या काढून त्यांनी फरशीवर ओळीनं मांडल्या होत्या. काही याद्यांवर श्रीच्या खाली रेघ होती, काहींवर नव्हती. जुन्या याद्यांत रेघ क्वचित दिसायची. शेवटच्या दोन वर्षांत एकही यादी रेघेवाचून नव्हती, आणि याद्याही महिन्याच्या राहिल्या नव्हत्या, दर चार दिवसांनी एक होती. काका चार दिवसांनी म्हणत, अगो, साबुदाणा राहिला, जरा जाऊन ये. अण्णांना काका गेल्याचं ठाऊक होतं, स्मशानात ते पुढे होते. पण गर्दीत रेघ दिसली आणि हातानं नेहमीचं काम केलं.

"चार जिने मी चढलंय गो," काकू म्हणाल्या. "माज्या हातान. इतकी वर्सां." मग बराच वेळ त्या स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिल्या. मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला लाज नाही. मला अण्णांच्या दुकानाला काडी लावावीशी वाटली.

मी विचारलं, काकांवर राग नाही आला? "तो सुटलो," त्या म्हणाल्या. "अण्णा आसा." पण काकाही तसे सुटले नाहीत. पितृपक्षात काकू त्यांचं पान वाढत, वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं साग्रसंगीत, आणि एकाही पदार्थात मीठ नसे. पानाच्या कोपऱ्यातही नाही. "जेव तसोच," असं म्हणून पान गच्चीवर ठेवायच्या.

अण्णांना त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं आता दुकान बदलतील. उलट दर एक तारखेला त्या नेमानं तिथेच गेल्या आणि दर यादीवर श्रीच्या खाली रेघ ओढून ती अण्णांच्या हातात दिली. एकदा मी बरोबर होते. अण्णांनी यादी घेतली, रेघ पाहिली आणि त्यांचा चेहरा रव्यासारखा पांढरा पडला. क्वार्टर पुन्हा कधी आली नाही. "सगळा मिळाला मा, वैनी?" असं ते मान खाली घालून विचारत, आणि काकू म्हणत, "होय, यादीत होता त्यातला एक सोडून सगळा." वर्षानुवर्षं हे चाललं. दुकान मोठं झालं, एसी आला, लोक ट्रॉल्या ढकलू लागले, तरी जुन्या गिऱ्हाइकांसाठी अण्णांनी यादीचं काउंटर ठेवलं. बंद करायची त्यांची छाती झाली नाही, असं माझं मत आहे.

मग सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं मनावर घेतलं. नियमाचा मसुदा निघाला, लोकांकडून हरकती मागवल्या. आमच्या भागातल्या दुकानदारांतर्फे बोलायला पुढे आले ते अण्णा. वाइन म्हणजे दारू नव्हे, फळांचा रस आहे, शेतकऱ्याचं भलं होईल, असं ते सगळ्यांना सांगत फिरू लागले. दुकानात काचेची नवी मांडणीसुद्धा करून घेतली, दिव्यांसकट. काकूंनी बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाल्या, "दारूच्या दुकानात बाई जाणा नाय. किराण्यात आली काय ती बाईच्याच पिशयेतसून घरात येतली." आम्ही हरकती द्यायचं ठरवलं, त्या मोहिमेचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. मी नंतर त्यावर पानभर निवेदन लिहिलं, पण यापेक्षा जास्त काही मला सांगता आलं नाही.

पहिली चूक माझीच. मी एक झकास मजकूर तयार केला, शाळेजवळच्या दुकानातून दोनशे प्रती काढल्या आणि सह्या घ्यायला निघाले. माझी एक मैत्रीण सरकारी नोकरीत आहे, ती हसली. म्हणाली, एकाच मजकुराच्या दोनशे हरकतींना कोण विचारतंय? एकच धरतील. काकूंनी ते दोनशे कागद उलटे केले, कोऱ्या बाजू वर, आणि दुपारच्या वेळी बायकांना घरी बोलावून प्रत्येकीला स्वतःच्या हातानं लिहायला बसवलं. आमच्या बायकांना निवेदनाची सवय नाही, यादीची आहे. त्यामुळे प्रत्येकीनं आधी वर श्री काढलं. एकीनं तर खाली आकडे घालून कारणं लिहिली आणि सवयीनं समोर "पाव किलो" लिहून खोडलं. काकू प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून म्हणत, "श्रीच्या खाली रेघ मार." का ते सांगत नसत.

म्हात्रेवहिनी लिहिता लिहिता थांबल्या. आमच्या विंगमधल्या, नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेल्या. "ही रेघ," त्या म्हणाल्या, "आमच्या यादीवर पण असायची. हे मारायचे." काकूंनी डब्यांच्या फळीवरून रव्याचा डबा काढला, आत हात घालून ती जुनी क्वार्टर बाहेर काढली, अजून तशीच सीलबंद, आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवली. मग सगळं सांगितलं. म्हात्रेवहिनींनी पेन उचललं आणि इतकी दाबून रेघ ओढली की कागद फाटला. तो फाटका कागदच आम्ही दिला.

पुढच्या रविवारी अण्णा स्वतः आले. बायकांची समजूत काढायला गच्चीवर सभा ठेवली होती, संध्याकाळी पाचला. अण्णांनी बिस्किटांचे पुडे आणले होते. फळांचा रस, शेतकरी, परदेशात कसं असतं, सगळं सांगून झालं. चाळीस बायका चिडीचूप. अण्णांना वाटलं पटलं. शेवटी काकू उठल्या. हातात तीच जुनी कापडी पिशवी, आज हरकतींनी गच्च भरलेली. "अण्णानू, खाली जातास मा? ही पिशवी तेवढी तळमजल्यापर्यंत पोचवा. उद्या कचेरीत देवची आसा. माजे गुडघे धरलेत."

नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णांनी पिशवी उचलली. मी त्यांच्या मागे होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी भिंतीला लागली आणि आत काच वाजली. अण्णा थांबले. वरचा कागद पाहिला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. प्रत्येकावर श्री, प्रत्येकाखाली रेघ. मग तळाशी हात घातला आणि वर्तमानपत्राचा तो पुडा हाताला लागला. त्यांनी वर पाहिलं. जिन्याच्या कठड्यावर सगळ्या बायका वाकून उभ्या होत्या, काकू सर्वांत पुढे.

"चार जिने आसत, अण्णानू," काकू म्हणाल्या. "मी चढलंय. तुमी नुसते उतरा."

ते उतरले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. मी शिक्षिका आहे, दुसऱ्याच्या फजितीवर हसू नये असं मुलांना शिकवते. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फोर्टला जाऊन हरकती देऊन आलो. तिथल्या कारकुनानं गठ्ठा चाळत विचारलं, सगळ्यांनी श्रीच्या खाली रेघ का मारलीय? काकू म्हणाल्या, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. पुढे तो नियम बारगळला म्हणा, बासनात गेला म्हणा. आमच्यासारख्या हरकती राज्यभरातून गेल्या असणार, पण आमच्या इमारतीत त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देत नाहीत. अण्णांनी त्या काचेच्या मांडणीत पापड ठेवले. काकू दर एक तारखेला तिच्यासमोर उभ्या राहत आणि मोठ्यानं म्हणत, "बरी दिसता हा, अण्णानू. पापडांका शोभता." आणि मग रेघ ओढलेली यादी पुढे करत.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी एकटीच होते. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "अण्णाक सांग, रेघ पुसलंय म्हणान. आता कंटाळलंय." मला वाटलं ग्लानीत आहेत. "सांगशील मा?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं.

तेरावं झाल्यावर मी माझी यादी घेऊन अण्णांकडे गेले, निरोप सांगायचाच म्हणून. आत शिरले तर काचेची मांडणी रिकामी. पापड खाली खोक्यात, आणि अण्णा स्वतः फडक्यानं काच पुसत होते. आतले दिवे लावलेले होते. मला पाहून ते जरा ओशाळले. "परत चर्चा चालू झालीय म्हणतात, टीचर," ते म्हणाले. "आपली तयारी असलेली बरी."

मग काउंटरमागे येऊन उभे राहिले. थकले होते. "एक विचारू? वैनी शेवटी माझ्याबद्दल काही बोलल्या?" माझ्या उत्तराची वाट न बघता तेच पुढे म्हणाले, "परबानं पाय धरले होते माझे. म्हणाला, हिला कळलं तर ही जन्मात माझ्याशी बोलणार नाही. मी काय करणार होतो?"

हे खरं असणार. काकूंच्या न बोलण्याला काका किती घाबरत हे मी पाहिलं होतं, आणि त्या एका वाक्यानं मला क्षणभर सगळंच वेगळं दिसलं. निरोप माझ्या ओठांवर आला होता. पण अण्णांच्या खांद्यावरून मला ती मांडणी दिसत होती, पुसून लख्ख केलेली, आणि मला म्हात्रेवहिनींचा फाटलेला कागद आठवला.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत."

काउंटरवरचं पेन उचललं, माझ्या यादीवरच्या श्रीच्या खाली सरळ रेघ ओढली आणि यादी त्यांच्या हातात दिली. यादीत सातच जिन्नस होते. वाचायला त्यांना बराच वेळ लागला.