शालूबाईच्या हातावरचं हिम

"हात लावू नका त्या कापडाला!" शालूबाई ओरडली, तशा तिच्या सासूबाई दोन पावलं मागे सरल्या.

"अगं, नुसतं बाजूला ठिवत हुते," सावित्राबाई म्हणाल्या. "देवळाचं कापड आता दुसरी बाई धुणार म्हनून पाळकसायबांनी सांगितलंय न्हवं? मग तू कशापायी इस्त्री फिरवतीस?"

शालूबाईचा नवरा अंबाजी रेल्वेच्या यार्डात फिटर होता आणि लोणावळ्याच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचा पंच. तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होता. मघापासून ती सुटत नव्हती.

देवळात प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस ठेवायच्या मेजावरचं ते कापड शालूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून धूत होती. पावसाळ्यात इथे आठवडाभर काही वाळत नाही, सगळ्याला कुबट वास येतो. ती शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालायची, निखारा पुरता फुलला की टोपल्यावर कापड पसरायची आणि वाळेपर्यंत शेजारून हलायची नाही. बंगल्यांतल्या बायका चादरी तिच्याकडेच पाठवायच्या. पुढे उजव्या हातावर पांढरा डाग उठला आणि मनगटाच्या वर चढला. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे, महारोग नव्हे, कुणाला लागत नाही. मंडळीतही कुणी कधी काही बोललं नव्हतं.

गेल्या महिन्यात धोंडाबाई या विधवेच्या घराची भिंत पावसात पडली. देवळामागची पाहुण्यांची खोली मात्र कुलूपबंद. सभेत शालूबाई उठून म्हणाली, खोली उघडा. अंबाजीही उठला आणि तेच म्हणाला. पाळकांनी पुढचा विषय घेतला. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशाला बायबलातल्या मोशेच्या बहिणीची गोष्ट घेतली : ती देवाच्या सेवकाविरुद्ध, म्हणजे मोशेविरुद्ध बोलली आणि तिची कातडी हिमासारखी पांढरी झाली. बाकांवरच्या सगळ्या माना शालूबाईच्या हाताकडे वळल्या. त्याच दुपारी पंचांनी हात वर करून ठरवलं, कापड दुसरीकडे द्यायचं आणि शालूबाईने मागे, दाराशी बसायचं.

"शास्त्रात हाय ते हाय," सावित्राबाई म्हणाल्या. "मी काय पदरचं सांगते व्हय?"

"शास्त्रात पाप धुतलं की माणूस हिमासारखा होतो असंही आहे, आत्या. रोज पहाटे तुम्हीच ते गाता. चोराचिलटांना ते हिम म्हणजे माफी, आणि माझ्या हातावर आलं की शाप? आणि हिम पाहिलंय कुणी इथं? आपल्याकडे बर्फ येतो तो भुशात गुंडाळून, बंगल्यांच्या सरबताला!"

"शालू, हळू बोल," अंबाजी म्हणाला. "शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत. रतन, काल मला पुढचं वाचून दाखवलंस ना? सांग बाबांना, मोशेविरुद्ध कोण कोण बोललं?"

पीठ मळणाऱ्या मुलीने मान वर केली नाही. "दोघं. ती आणि तिचा दुसरा भाऊ."

"आणि हिम कुणावर?"

"तिच्या एकटीवर."

अंबाजीच्या हातात नाडी तुटली.

"पण तो भाऊ निदान मोशेपुढे रडला तरी," शालूबाई म्हणाली. "माझ्या बहिणीला असं टाकू नका म्हणाला. तुम्ही काय केलंत? हात वर केलात!"

"सगळ्यांनीच केला. मी एकटा कसा बसून राहणार? उद्या रतनचं लग्न याच लोकांत करायचंय."

"खोलीसाठी उठलात तेव्हा एकटे होतात का? मी होते ना शेजारी? की कोड झालेली बाई मोजत नाहीत?"

अंबाजीने बूट तसाच ओढून काढला.

"तिलाबी सात दीस भाईर ठिवलीच की," सावित्राबाई पुटपुटल्या.

"ठेवली. लोक वाळवंटातून मुक्काम हलवत चालले होते, पण ती आत येईपर्यंत एकानेही तंबू हलवला नाही. सगळे तिच्यासाठी थांबले. हे नाही सांगितलं तुमच्या पाळकसाहेबांनी! यांना कापड पांढरं हवं, ते पांढरं करणारा हात नको."

तिने कापडाची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. मग रतनच्या पुढ्यातली परात उचलून फळीवर ठेवली.

"रविवारी हे कापड मीच अंथरणार आणि पुढच्या बाकावर बसणार," ती म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता. "मी बाहेर, तर या घरातलं कुणी आत जायचं नाही. तुम्ही आत्ता जा, पाळकांना तसं सांगून या. तोवर चूल पेटणार नाही."